माझी नोंद आणि कुसुमबाई

कुसुमबाई बोरकरांनी आपल्या नोकरीत सात प्रशिक्षणं घेतली. घेतली म्हणजे त्यांना नेऊन बसवलं. सरकारी प्रशिक्षणाला हजेरीपटावर साठ सह्या लागतात. डॉक्टर येतात बारा, सिस्टर येतात वीस, उरलेल्या खुर्च्या भरायला आया आणि वॉर्डबॉय. दोन दिवस पंख्याखाली बसायचं, समोसा खायचा, शेवटी फोटोत मान वर करायची, की एक जाड कागदाचं प्रमाणपत्र हातात पडतं. कुसुमबाई ती प्रमाणपत्रं स्वयंपाकघराच्या फळीवर डब्यांखाली अंथरायच्या. "कागद चांगला राहते सर, तेलाचा डाग खाली उतरत नाही," असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

त्या आमच्या वॉर्डात आया होत्या. अडतीस वर्षं. जबलपूरच्या एका सरकारी इस्पितळाचा मनोरोग विभाग, बायकांचा वॉर्ड. इस्पितळाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून नोकरीत आहेत आणि चूक इस्पितळाची नव्हती, माझी होती.

मी अच्युत गद्रे, त्याच विभागात सोशल वर्कर. पेशंटशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलायचं, त्याची सगळी हकीकत लिहून काढायची आणि फाइल डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची, हे माझं काम. आमचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत इकडं आलं आणि सराफ्याच्या मागच्या गल्लीत राहून गेलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि शहाणपणा दोन्हीकडे भरपूर. वॉर्डात मराठी बोलणारा पेशंट आला की आमचे मोठे डॉक्टर श्यामसुंदर साहेब म्हणायचे, "गद्रे जी, आपके यहाँ की है, आप देख लीजिए." मला ते आवडायचं. आपल्या माणसांचं आपल्याला कळतं, असं मी धरून चाललो होतो.

कुसुमबाई अंगानं किडकिडीत, चालताना डावा पाय थोडा ओढायच्या. आरडाओरडा करणारी पेशंट त्यांच्याजवळ कशी काय शांत व्हायची ते मला नीट कधीच उमगलं नाही. त्या काही विचारायच्याच नाहीत. जवळ जाऊन बसायच्या, तेलाची बाटली उघडायच्या आणि केस विंचरायला घ्यायच्या. पेशंट काही बोललीच तर नुसतं "हाव", म्हणजे हो, एवढंच म्हणायच्या. आम्ही दोन पानांची प्रश्नावली घेऊन अर्धा तास डोकं फोडायचो, आणि नंतर त्या सहज सांगायच्या, "सर, तिचा भाऊ गेला म्हणते मागच्या महिन्यात." मी विचारायचो, तुम्ही कसं काढून घेतलंत? "म्या काय काढलं? बसून राहिली. ते बोलली."

मी नोकरीला लागलो चौऱ्याण्णव साली. पहिल्या दिवशी त्या चहा घेऊन आल्या, मराठी बोलल्या, आणि मी विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मराठी माणूस मराठी माणसाला पहिलं हेच विचारतो, आणि कशासाठी विचारतो ते दोघांनाही ठाऊक असतं. त्या म्हणाल्या, "बोरकर." बोरकर आमच्या नात्यातही होते. मी खूश झालो. "अच्छा, अच्छा, बोरकर!" झालं, पुढं मी काही विचारलं नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही. असं बावीस वर्षं चाललं.

जे मला फार उशिरा कळलं ते आत्ताच सांगून टाकतो. त्यांचे वडील देवीदास भंडाऱ्याकडून इथल्या फॅक्टरीत कामाला आलेले. छप्पन सालच्या ऑक्टोबरात दोन दिवसांची रजा टाकून ते नागपूरला गेले, दीक्षा घेतली, पांढऱ्या कपड्यांत परत आले आणि घरातले सगळे देव एका फडक्यात बांधून ग्वारीघाटावर नर्मदेच्या पाण्यात सोडून आले. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत राज्यांच्या हद्दी बदलल्या. नागपूर तिकडं गेलं, जबलपूर इकडं राहिलं. कुसुमबाई तेव्हा दोन वर्षांच्या होत्या. घरात सकाळी पंचशील म्हटल्याशिवाय चहा मिळत नसे, एवढं त्यांना लहानपणचं आठवायचं. पुढं लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि चोविसाव्या वर्षी त्या आमच्या वॉर्डात लागल्या.

त्याच वर्षी त्यांच्यासोबत चंपाबाई नावाची आणखी एक आया लागली होती, त्यांच्याच वस्तीतली. चंपाबाई तोंडानं फटकळ. कोणी विचारलं की छाती काढून सांगायची, आम्ही बौद्ध. पंधरा दिवसांत तिला पेशंटच्या पाण्याच्या माठापासून दूर केलं, नंतर जेवणाच्या गाडीपासून, आणि मग संडास-बाथरूमपलीकडे तिला काम उरलं नाही. तोंडावर कोणी काही बोललं नाही. ड्युटीचा कागद बदलला, एवढंच. चार महिन्यांत चंपाबाई सोडून गेली. कुसुमबाईंच्या पदरी तान्हा मुलगा होता. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

वॉर्डात दर मंगळवारी आरती व्हायची. सिस्टरांच्या टेबलामागं हनुमानाची तसबीर होती. पेशंटना रांगेत उभं करायचे, टाळ्या वाजवायचे, बुंदी वाटायचे. पेशंटना त्यातून बरं वाटतं असं आमचं मत होतं आणि पुष्कळांना वाटतही असेल. कुसुमबाई तेव्हा मागं उभ्या असत, हातावर धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन. दर मंगळवारी त्याच वेळेला त्यांच्या दोन्ही हातांत गठ्ठा कसा असतो, हा प्रश्न मला बावीस वर्षांत पडला नाही. बुंदीचा द्रोण कोणीतरी गठ्ठ्यावर ठेवून द्यायचं. त्या "हाँ दीदी" म्हणून आत जायच्या आणि तो एखाद्या पेशंटला द्यायच्या.

दोन हजार सोळाच्या जानेवारीत इंदू गजभिये भरती झाली. वय अडतीस-एकोणचाळीस. नवरा फॅक्टरीत होता, दिवाळीनंतर हार्टनं गेला. दोन मुली. नवऱ्याच्या जागी तिला नोकरी मिळायची होती, अर्ज गेलेला होता. पण ती झोपेना, बोलेना, चुलीकडं बघेना. दिवसभर अंगणात पायरीवर बसून राही. दीर घाबरला आणि घेऊन आला. फॅक्टरीच्या डॉक्टरांना ते कळलं आणि त्यांनी लिहून पाठवलं की बाई कामाला लायक आहे की नाही, याचा कागद मनोरोग विभागाकडून यावा. त्या कागदावर तिची नोकरी अडकली होती, आणि नोकरीवर दोन्ही मुली.

"गद्रे जी, आपके यहाँ की है," श्यामसुंदर साहेब म्हणाले.

मी खुर्ची ओढून इंदूसमोर बसलो. प्रेमानं बसलो, तसा मी काही दुष्ट माणूस नाही. नाव विचारलं. मग सवयीनं आडनाव विचारलं.

"गजभिये," ती म्हणाली.

"अच्छा," मी म्हणालो.

एवढंच. पण पहिल्या दिवशी कुसुमबाईंना म्हटलेला अच्छा आणि हा अच्छा यांत जो फरक होता तो तिच्या कानांना बरोबर कळला. जन्मभर ऐकलेला असणार. तिनं खाली पाहिलं आणि माझ्याशी पुन्हा एक शब्द बोलली नाही. मी चार दिवस गेलो. चारही दिवस तिनं भिंतीकडं तोंड केलं.

मंगळवारी आरती झाली. लता सिस्टरनं तिचे हात जुळवायला धरले तर तिनं झटकून सोडवले. बुंदी दिली तर म्हणाली, "नहीं लूँगी. हमें नहीं चलता." सिस्टरनं समजावलं, थोडी बळजबरी केली, तोंडाशी नेली. इंदूनं द्रोण उडवून दिला. बुंदी सगळ्या फरशीवर. शिवाय रोज सकाळी उठल्या उठल्या ती खाटेवर मांडी घालून काहीतरी पुटपुटायची. सिस्टरांना कळेना. त्यांनी मला विचारलं, मराठी आहे का? मी दारात दोन मिनिटं उभा राहिलो. वेरमणी, समादियामि, पुन्हा वेरमणी, पुन्हा समादियामि. "मराठी नाही," मी सांगितलं. आमच्या सराफ्यापासून रिक्षानं अर्ध्या तासावर, रांझीकडच्या वस्तीत हे शब्द घरोघर रोज म्हटले जातात. तिथं मला कधी कोणी बोलावलं नव्हतं आणि मी कधी गेलो नव्हतो.

मग मी नोंद लिहिली. हिंदीतच लिहायची असते, पण अर्थ असा: रुग्ण संशयी. कर्मचाऱ्यांविषयी शत्रुत्वाची भावना. अन्नात काही कालवले असावे अशा समजुतीने अन्न नाकारते. अर्थहीन शब्दांची पुनरावृत्ती करते. खाली लफ्फेदार सही. अन्नात कालवल्याचं ती कुठंही बोलली नव्हती. ते माझ्याच डोक्यातून आलं होतं. वॉर्डातली जेवणाची थाळी ती रोज मुकाट्यानं पुसून खात होती. ती जेवते का, हेही मी कोणाला विचारलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी दुपारी कुसुमबाई माझ्या टेबलाशी आल्या. फडकं हातात घेऊन टेबल पुसल्यासारखं करत म्हणाल्या, "सर, ते इंदूचं एकदा परत विचारून पाहा ना."

"काय विचारून पाहू?"

"तसं नाही हो ते, जसं तुम्ही लिहून राहिले."

"कुसुमबाई, ते आता डॉक्टर बघतील."

त्यांनी फडकं झटकलं. मग "बरं" म्हणून गेल्या. मला वाटलं, दया आली असेल बिचारीला.

दुसऱ्या दिवसापासून दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. विषय होता पेशंटची जात, धर्म, चालीरीती ओळखून उपचार कसे करावेत. भोपाळहून मीरा मॅडम आल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. मनापासून शिकवत होत्या, आवाज गोड होता, आणि प्रत्येक वाक्यानंतर "है ना?" म्हणत होत्या. पडद्यावर पहिलं चित्र आलं ते डोक्याला मोरपिसं लावलेल्या गोंड नर्तकाचं. शेवटून दुसऱ्या रांगेत आमचे दोन वॉर्डबॉय मंडल्याचे गोंड होते, स्वेटर-पँटमधले. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये मान घातली. मग बुरखा घातलेली बाई आली, मग सरदारजी, मग सगळ्यांनी हात धरलेले. दुपारपर्यंत निम्मा हॉल पेंगत होता. मीही त्यात होतो. वीस वर्षांत अशी इतकी चित्रं पाहिली होती की हसूही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मीरा मॅडम म्हणाल्या, आता तुमच्याच विभागातली एक केस घेऊ. नाव झाकलं आहे. लक्षणं ओळखा. आणि पडद्यावर माझी नोंद आली. श्यामसुंदर साहेबांनी चांगली लिहिलेली नोंद म्हणून तीच निवडून दिली होती. खरं सांगतो, मला बरं वाटलं. माझी भाषा साफ आहे असं सगळे म्हणत. पाच-पाच जणांचे गट पडले, आणि एकेका गटानं उठून लक्षणं वाचली. संशय. शत्रुत्व. निरर्थक बडबड. लता सिस्टरनं तर द्रोण कसा उडवला ते हातानं करून दाखवलं. सगळे हसले. इंदूचा कागद दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, फॅक्टरीकडं जायचा होता, आणि साहेब टाळ्या वाजवून म्हणाले की निदान तर तुम्ही सगळ्यांनीच करून टाकलंत.

मॅडमना शेवटची रांगही सहभागी करून घ्यायची होती. "पीछे वाली दीदी, आप भी कुछ बताइए. आप तो पेशंट के सबसे पास रहती हैं, है ना?"

कुसुमबाई उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून उठल्या. मला वाटलं, दोन शब्द बोलून बसतील. त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला, हात जोडले आणि पंचशील म्हणायला सुरुवात केली. पाचही शीलं, एकामागून एक, न थांबता. आवाज चढवला नाही, सूर लावला नाही. रोज सकाळी दात घासतात त्या सवयीनं म्हटलं. वेरमणी आलं, समादियामि आलं, पुन्हा आलं.

मग त्या हिंदीत म्हणाल्या, "ये बड़बड़ नहीं है मैडम. ये हम लोग रोज सुबह बोलते हैं. हत्या नहीं करना, चोरी नहीं करना, झूठ नहीं बोलना, ऐसा सब है इसमें. और परसाद हम लोग नहीं लेते. वो बाई पागल नहीं है, उसका आदमी मरा है."

लता सिस्टरनं मागं वळून विचारलं, "हम लोग मतलब? दीदी, आप भी?"

"हाँ," कुसुमबाई म्हणाल्या.

मीरा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "कितना सुंदर उदाहरण!" त्या म्हणाल्या आणि टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. कुसुमबाईंना पुढं बोलावलं, फोटो काढला. फोटोतही त्या म्हणत होत्या, "मैडम, उसका कागज कल जाने वाला है. वो ठीक करवा दीजिए." मॅडमनी साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "हाँ हाँ, गद्रे जी कर देंगे."

जिन्यात मी कुसुमबाईंना गाठलं. मला लाज वाटत होती आणि लाज वाटली की मी चिडतो. म्हटलं, "इतकी वर्षं एका वॉर्डात आहोत. मला कधी सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही कुठं विचारलं, सर? आडनाव विचारलं." त्या जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. "मी थकली आता. तुम्ही ते इंदूचं लिहून टाका."

त्या संध्याकाळी मी फाइल घेऊन बसलो. आमच्याकडं लिहिलेली नोंद खोडता येत नाही. खाली तारीख घालून नवी लिहायची. साहेबांनी सरळ सांगितलं होतं, आधीची नोंद चुकीची होती असं लिहून द्या. एका ओळीचं काम. मी ती ओळ चार वेळा मनात लिहिली. बावीस वर्षांत माझ्या एकाही नोंदीखाली कोणी चूक असं लिहिलेलं नव्हतं. शेवटी मी लिहिलं: नव्याने प्राप्त माहितीच्या संदर्भात रुग्णाच्या वर्तनास सांस्कृतिक पार्श्वभूमी असू शकते. असू शकते. वाचायला भारदस्त वाटत होतं. प्रशिक्षणाचा उपयोग झाल्यासारखंही दिसत होतं.

"लिहिलं?" कुसुमबाईंनी सकाळी विचारलं.

"लिहिलं," मी म्हणालो.

शुक्रवारी कागद गेला. शनिवारी इंदू घरी गेली. जाताना तिनं कुसुमबाईंच्या पायांना हात लावला, माझ्याकडं पाहिलं नाही.

त्यानंतर वॉर्डात कोणी कुसुमबाईंना वाईट बोललं नाही. ते दिवस गेले. आता सगळे प्रशिक्षित होते. पुढच्या मंगळवारी लता सिस्टर फार गोडीनं म्हणाली, "दीदी, आपको तो नहीं चलता ना, आप आराम कीजिए," आणि त्यांना व्हरांड्यात स्टूल दिलं. सिस्टरांचा चहा अडतीस वर्षं कुसुमबाई करत होत्या. महिन्याभरात दोघी-तिघी घरून थर्मास आणू लागल्या. ॲसिडिटी होते म्हणे. मी मात्र त्यांच्या हातचा चहा पीत राहिलो आणि त्याचं मला उगाच कौतुक वाटत होतं. कुसुमबाईंना या सगळ्याचं काही वाटतं का, हे मी एकदा विचारलं. "वाटून काय करू? पाय दुखते, तेच पुरे आहे," त्या म्हणाल्या.

एप्रिलमध्ये इंदू फॅक्टरीचं पत्र घेऊन आली. कुसुमबाई तिला माझ्या टेबलाशी घेऊन आल्या. पत्रात माझी पहिली नोंद जशीच्या तशी उतरवली होती, संशयी, शत्रुत्व, अर्थहीन शब्द. पुढं लिहिलं होतं की नंतरच्या नोंदीत ‘हो सकती है’ इतकंच म्हटलं असल्यानं स्पष्ट मत दिसत नाही. सबब प्रकरण पुढच्या वर्षीच्या बैठकीत ठेवावं. त्या वर्षीची यादी बंद झाली होती.

"तिकडचे साहेब पहिलं पान वाचते, सर," कुसुमबाई म्हणाल्या. "तुम्ही पक्कं काहून नाही लिहिलं?"

"बघतो," मी म्हणालो.

आणि मी बघत राहिलो. आधी श्यामसुंदर साहेबांची बदली झाली. मग नवे डॉक्टर येईपर्यंत थांबू म्हटलं. मग केस पुन्हा तपासायला हवी असं ठरवलं आणि तारीख घातली नाही. कोणी अडवत नव्हतं. पेन माझं, फाइल माझी. रोज कपाट उघडायचो आणि दुसरी फाइल काढायचो. मला दुसऱ्यांच्या मनाचे आडपडदे ओळखायचा पगार मिळत होता, तेव्हा स्वतःचं काय चाललंय ते कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला भीती वाटत होती. त्या एका ओळीनं माझं काय जाणार होतं? काहीसुद्धा नाही. तरी वाटत होती.

नोव्हेंबरात कुसुमबाई निवृत्त झाल्या. शाल, नारळ, भाषणं. माझंही भाषण झालं, चांगलं झालं. खाली उतरल्यावर त्या म्हणाल्या, "सर, इंदूचं राहिलं." त्यांनी मागितलेलं एवढंच.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी लिहिलं. या रुग्णाविषयीची माझी दिनांक अमुकची नोंद संपूर्ण चुकीची आहे. रुग्णास संशयविकार नव्हता. ती आपला धर्म पाळत होती व पतीच्या निधनाच्या दुःखात होती. चूक माझी आहे. नव्या डॉक्टरांनी वाचलं, सही केली, शिक्का मारला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. एक प्रत फॅक्टरीकडं गेली, दुसरी घेऊन मी रविवारी दुपारी कुसुमबाईंच्या घरी गेलो, इंदूकडं एकट्यानं जायचं धैर्य नव्हतं म्हणून.

त्या दारात उन्हाला बसून तूर निवडत होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी नको म्हटलं. चष्मा शोधून त्यांनी कागद वाचला. एकेका शब्दावर बोट ठेवून, शेवटच्या ओळीपर्यंत.

"चांगलं लिहिलं," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत बैठक आहे म्हणते. होऊन जाईन तिचं."

"मुली कशा आहेत?"

"लहानी शाळेत जाते." त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "मोठी, मनीषा, ते साडीच्या दुकानात लागली. जुलैपासून. बारावीचा फॉर्म नाही भरला तिनं. इंदू लय मागं लागली, भर म्हणून. पण घरात कोणीतरी कमावायले पाहिजे ना. आता ते म्हणते, मी नाही शिकत."

मी सुपातले दोन खडे बाजूला काढले. मग म्हणालो, "माझ्यामुळं झालं हे."

आपल्याकडं माणूस असं म्हणाला की समोरचा लगेच म्हणतो, छे छे, तुमच्यामुळं कसं, असं मनाला लावून घेऊ नका. मी आयुष्यभर पेशंटच्या घरच्यांना तेच म्हणत आलो, आणि त्या क्षणी ते ऐकायची वाट पाहत होतो. कुसुमबाईंनी अडतीस वर्षं सगळ्यांचं सांभाळून घेतलं होतं. माझंही घेतील असं मला वाटलं.

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"हाव, सर," त्या म्हणाल्या.